चैत्राचे वाण आणि घडविणाराचे नाव

वसंतऋतूची भेट दुकानातून विकत आणून द्यावयाची, ही रीत आपल्या समाजात फार जुनी नाही. चैत्रगौरीची आरास घरच्या लेकीसुना मांडीत, अंगणातले चैत्रांगण त्यांच्याच बोटांतून उतरे, पाडव्याचे तोरण गावचा मनुष्य आणून दारावर बांधी. पैसा मोजून घ्यावयाची वस्तू काय ती साखरेची माळ. आज फाल्गुन सरत आला की भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वेगळाच बाजार भरतो. वीतभर उंचीच्या सजविलेल्या गुढ्या, खणाच्या कापडाची तोरणे, कागदी आंब्याच्या डहाळ्या, चैत्रांगणाचे छाप, लाकडी पाळण्यात बसविलेली गौर अशा शेकडो जिनसा तेथे मांडलेल्या असतात, आणि बहुतेकींवर ‘हाताने घडविलेली’ असे बिरुद असते. त्या बिरुदाविषयी आमची तक्रार नाही. व्यवसायाच्या सवयीने एकच प्रश्न आमच्या मनात येतो : हात कोणाचा?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही, आणि तो पाहावयास सदलग्यासारखे गाव सोयीचे आहे. चिकोडी तालुक्यातील हे गाव दूधगंगेच्या काठी वसलेले. नदीपलीकडे शिरोळ तालुका, म्हणजे आता महाराष्ट्र. एका अंगास इचलकरंजीचे माग, दुसऱ्या अंगास निपाणीची तंबाखूची पेठ. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात जशी गरज पडेल तशी भाषा. चैत्र शुद्ध प्रतिपदेस एका घरावर गुढी उभी राहते, शेजारच्या घरी युगादी म्हणून कडुलिंब आणि गूळ वाटला जातो, आणि आमचे जे वाचक गोमंतकात वा कारवारकडे आहेत ते त्याच दिवसास ‘संवसार पाडवो’ म्हणतात. सण एक, नावे तीन. नाव कोणतेही घेतले तरी त्या दिवशी दाराला काहीतरी बांधावे लागते आणि कोणाच्या तरी हाती काहीतरी द्यावे लागते.

प्राचीन ग्रंथांत वसंताच्या वस्तू जागोजाग आढळतात, पण त्या बहुतेक खुडलेल्या असतात. वात्स्यायनाने कामसूत्रात नागरिकांच्या ज्या क्रीडा सांगितल्या आहेत, त्यांत अशोकाची फुले कानी खोवण्याची अशोकोत्तंसिका आहे, दवण्याच्या डहाळ्यांची दमनभंजिका आहे, आंब्याच्या मोहोराची चूतलतिका आहे. हर्षाच्या रत्नावली नाटिकेचा पडदा उघडतो तोच कौशांबीच्या मदनोत्सवावर. पुढे निबंधकारांनी ह्या क्रीडांना व्रताची चौकट दिली. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या शेवटी रचलेल्या धर्मसिंधूत चैत्रातील निरनिराळ्या तिथींस निरनिराळ्या देवतांना दवणा वाहण्याचा विधी सांगितला आहे. कामसूत्रातील डहाळी देव्हाऱ्यात आली ती अशी. चैत्री पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या जोतिबावर आजही दवणा आणि गुलाल वाहिला जातो, आणि गावोगावच्या सासनकाठ्या नाचत डोंगर चढतात. सजविलेल्या वेळूची ती काठी म्हणजे साऱ्या गावाने मिळून उभारलेली थोरली गुढीच होय, असे आम्हांस नेहमी वाटते. पंडितांनी हे मत ग्राह्य धरावे असा आग्रह नाही.

ज्या शकाचे वर्ष ह्या दिवशी पालटते, त्याच्या प्रवर्तकाची लोककथाही ह्या संदर्भात ध्यानी घेण्याजोगी आहे. पैठणचा शालिवाहन कुंभाराच्या घरी वाढला, त्याने मातीचे शिपाई व घोडे केले, आणि प्रसंग येताच त्यांत प्राण भरून शत्रूस हटविले, असे आपल्या आज्या सांगत आल्या. इतिहास म्हणून ही कथा टिकणार नाही. परंतु इसवी सन ७८ पासून मोजल्या जाणाऱ्या कालगणनेच्या मुळाशी लोकांनी एका मुलाने हाताने केलेली मातीची खेळणी ठेवली, ह्यात लोकांचे मन दिसते.

आता गावात येऊ. मोल्स्वर्थच्या कोशात बलुतेदारांच्या तीन ओळी दिल्या आहेत, थोरली, मधली व धाकटी. आणि त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ ह्या १९१५ सालच्या ग्रंथात त्या ओळींचा प्रत्यक्ष व्यवहार सांगितला आहे. कृष्णेच्या दक्षिणेस त्याच व्यवस्थेला ‘आय’ म्हणत आणि बलुतेदाराच्या जागी ‘आयगार’ हा शब्द येई. चिकोडीच्या टापूत दोन्ही शब्द चालत, कारण दोन्हींचा अर्थ खळ्यावरच्या धान्याच्या राशीपाशी एकच होत असे. सुताराने औत भरावे, कुंभाराने मडकी द्यावी, मांगाने दोर वळावा, आणि सुगीच्या वेळी प्रत्येकाने आपला वाटा उचलावा. सणावारी ह्याच नात्याला वेगळा रंग चढे. पाडव्यास वा दसऱ्यास आंब्याच्या पानांचे तोरण आणून दारावर बांधणारा मनुष्य ठरलेला असे, आणि त्याला पोस्त मिळे. पोस्त म्हणजे तोरणाची किंमत नव्हे. किमतीला घासाघीस असते. पोस्ताला ती नसे. सणाचे अन्न, थोडे धान्य, कधी एखादे वस्त्र, जे घराच्या ऐपतीस शोभेल ते द्यावयाचे. तोरण कोणी बांधले हे घरातल्या पोरासही ठाऊक असे.

ह्या व्यवस्थेत वस्तूपेक्षा मान मोठा होता, आणि मानावरून भांडणेही मोठी होत. देवालयाच्या दारी पहिले तोरण कोणाचे, पालखीपुढे काठी कोणाची, प्रसादाचा नारळ आधी कोणास, ह्या वादांनी इंग्रजी अमदानीत दिवाणी न्यायालयांचे कितीतरी दिवस खाल्ले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील नवव्या कलमाचा अर्थ लावताना न्यायालयांनी एक भेद स्थिर केला : देवालयातील अधिकारपदाचा हक्क हा दाव्याचा विषय होऊ शकतो, आणि त्या पदाला चिकटलेला मानही त्याबरोबर येतो, नुसत्या मानासाठी मात्र दावा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने रामानुज जीयर यांच्या खटल्यात १९६१ साली हीच रेषा पुन्हा आखून दिली. आमच्या वाचकांपैकी जे देवालयांच्या समित्यांवर आहेत, त्यांना ह्या रेषेचे महत्त्व सांगावयास नको.

तोरणाला किंमत नव्हती, पण साखरेच्या माळेला होती. पुण्याकडे तिला गाठी म्हणतात. आमच्या भागात माळ, आणि कन्नडात ‘सक्करे सर’. ती घरी होत नसे, कारण तिला साचे लागतात आणि पाकाचा हात लागतो. सागवानी साच्याच्या दोन फळ्यांवर पदकांचे आकार कोरलेले असतात. त्यांतून सुताचा दोरा ओढून घ्यावयाचा, फळ्या घट्ट बांधावयाच्या आणि वरून उकळता पाक सोडावयाचा. पाक करताना दुधाचा हबका मारून मळी काढतात, म्हणजे माळ पांढरी शुभ्र उतरते. पाक लवकर काढला तर पदक चिकट राहते, उशिरा काढला तर साच्यात जाण्याआधीच त्याचे दाणे होतात. हे घड्याळावर ठरत नाही, करणाऱ्याच्या डोळ्यांवर ठरते. शिवरात्र झाली की भट्ट्या पेटतात आणि पाडव्यास विझतात. वर्षाचे हेच काय ते आठवडे, एरवी तीच माणसे बत्तासे पाडतात. होळीला आणि पाडव्याला ही माळ लहान मुलाच्या गळ्यात घालावयाची, मूल पहिलेच असेल तर ती आजोळाहून यावयाची, आणि एक माळ गुढीला. चिकोडी-निपाणीकडच्या कन्नड घरांत होळीची माळ, मराठी घरांत पाडव्याची, आणि जेथे दोन्ही भाषांचे सोयरसंबंध आहेत तेथे मुलाला दोनदा. मुलांचा ह्या भाषिक प्रश्नावर काहीच आक्षेप नसतो.

दुसरी विकतची वस्तू म्हणजे खण. गुढीला नेसवावयाचा आणि चैत्राच्या हळदीकुंकवास ओटीत घालावयाचा खण बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा. एका चोळीपुरते कापड, म्हणून त्याचे नाव खण. दुकानात तो त्रिकोणी घडी घालून ठेवतात. त्याच्या विणीतल्या नक्षीला तुळस, रथ, रुद्राक्ष अशी नावे आहेत आणि काठ अंगाहून वेगळ्या रंगाचा. चोळी नेसणे कमी झाले तेव्हा खण संपणार असे सर्वांस वाटले होते. त्याला वाचविले ओटीने आणि गुढीने. आता तर खणाच्या पिशव्या होतात, वह्यांची वेष्टने होतात, छोट्या गुढ्या होतात. हातमागाचे एखादे कापड अंगावरून उतरून सजावटीत शिरले आणि त्यामुळेच तगले, असे उदाहरण आम्हांस तरी दुसरे चटकन सुचत नाही.

जुन्या व्यवस्थेचे येथवरचे वर्णन वाचून कोणी हळहळेल, तर त्यास आम्ही अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. तोरण बांधणाऱ्याचे नाव सर्वांस ठाऊक होते हे खरे. पण ते बांधण्यास नकार देण्याची सोय त्याला नव्हती. पोस्ताला घासाघीस नव्हती, ह्याचा एक अर्थ असा की ती करण्याची त्याची छाती नव्हती. त्याचे काम जन्माने ठरलेले, त्याचे घर गावकुसाबाहेर, आणि ज्या दारावर त्याने तोरण बांधले त्या दाराच्या आत त्याला येता येत नसे. सदलग्याहून निपाणी लांब नाही. त्या निपाणीस १० व ११ एप्रिल १९२५ रोजी, म्हणजे चैत्रातच, मुंबई इलाख्याची प्रांतिक बहिष्कृत परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. पुढे १९२८ साली त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई कायदे कौन्सिलात आणले. महार वतनदारांस अल्प मोबदल्यावर चोवीस तास राबविणाऱ्या व्यवस्थेस ते थेट हात घालणारे होते. ते त्या वेळी संमत झाले नाही. कनिष्ठ ग्रामवतने मुंबई राज्यात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने.

येथे सदलग्याची कथा नदीपलीकडच्या गावांहून वेगळी होते. १९५८ चा तो कायदा शिरोळास लागू झाला, सदलग्यास नाही. कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता. सदलग्याच्या ग्रामसेवकांची वतने सुटली ती १९६१ च्या म्हैसूरच्या कायद्याने. एकच दोर वळणारे, एकच तोरण बांधणारे लोक. दूधगंगेच्या ह्या आणि त्या काठावर ते वेगवेगळ्या विधिमंडळांच्या हातून मोकळे झाले.

ही रेषा तरी १९५६ नेच आखली असे म्हणता येईल काय? इतिहास तसे सांगत नाही. पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांनी चिकोडी व मनोळी हे तालुके करवीरकरांस दिले आणि १८२७ च्या तहाने परत घेतले. तेव्हापासून सदलगे इंग्रजी मुलखात आणि शिरोळ करवीर संस्थानात अशी वाटणी राहिली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा प्रथमच दोन्ही काठ एका सरकारखाली आले. त्यानंतर १९५६ चा नोव्हेंबर उजाडला. म्हणजे मधल्या जवळजवळ १३० वर्षांत ह्या नदीवर हद्द नव्हती असा काळ अवघा सात वर्षे आठ महिने. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी महाराष्ट्रास द्यावी अशी शिफारस केली, महाराष्ट्राने अहवालच नाकारला, आणि २००४ साली तो वाद संविधानाच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या दाव्याच्या गुणदोषांविषयी आम्ही येथे काही लिहिणार नाही. साखरेची माळ, खण आणि सासनकाठी ह्या हद्दीवरून नेहमीच इकडून तिकडे गेल्या, आणि त्यांना कधी कोणी अडविले नव्हते, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

जन्माने लादलेली कारागिरी गेली की कारागिरीच जाते, असे एक भय पुष्कळ जणांस असते. त्याला उत्तर देणारे एक उदाहरण सदलग्याशीच निगडित आहे. दिगंबर जैन परंपरेतील आचार्य विद्यासागर ह्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९४६ रोजी ह्या गावी झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी डोंगरगड येथे देह ठेवला. त्यांच्या प्रेरणेने मध्य भारतात हातमागाची केंद्रे निघाली, आणि सागरच्या तुरुंगातील बंदीजनांसही विणकाम शिकविले गेले. विणकराच्या घरी न जन्मलेले तरुण मागावर बसले ते आपखुशीने. त्यांच्या ‘मूकमाटी’ ह्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी महाकाव्याची नायिका माती आहे आणि तिला घडविणारा कुंभार. शालिवाहनाच्या कथेची आठवण येथे आम्हांस झाली, एवढेच.

आता आपखुशीने चैत्राच्या वस्तू घडविणारी माणसे आमच्या भागात पुष्कळ आहेत, आणि त्यांत स्त्रिया अधिक. त्यांपैकी एक भगिनी आमच्याकडे सल्ल्यासाठी आल्या होत्या. त्या खण न कापता केवळ घड्या घालून, टाके मारून छोटी गुढी तयार करतात. वर इवलासा तांब्या आणि मण्यांची माळ. त्यांचा प्रश्न साधा होता : ‘कोल्हापूरच्या बाईंनी मागविली आणि मी पाठविली, तर गुन्हा होतो का?’

प्रश्न साधा असला तरी उत्तर साधे नाही. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यातील चोविसाव्या कलमाप्रमाणे राज्याबाहेर माल पुरविणाऱ्यास, तसेच ऑनलाइन बाजारपेठेमार्फत विकणाऱ्यास, उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी करणे भाग होते. पुढे हस्तकलेच्या ठरावीक यादीतील वस्तूंना २०१७ व २०१८ च्या अधिसूचनांनी सवलत दिली : वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर अशी वस्तू नोंदणीवाचून परराज्यात पाठविता येते. मात्र तिच्याबरोबर ई-वे बिल हवे, आणि ते मालाची किंमत कितीही थोडी असली तरी हवे. म्हणजे सदलग्याहून दूधगंगा ओलांडून जाणाऱ्या एका वीतभर गुढीस परवाना लागतो. ऑनलाइन बाजारपेठेतून विकणाऱ्या लहान विक्रेत्यांस १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीतून सूट मिळाली, पण तिला अट अशी की विक्री स्वतःच्या राज्यातच व्हावी. परिणाम काय होतो तो पाहा. सदलग्याच्या ह्या भगिनी नोंदणीवाचून त्या बाजारपेठेतून आपली गुढी सहाशे किलोमीटरांवरील बंगळूरला विकू शकतात, पण इचलकरंजीला विकू शकत नाहीत. आणि गुढीचे गिऱ्हाईक तर इचलकरंजीला आहे. बंगळूरला बहुतेक घरी युगादी असते, तेथे गुढी उभारीत नाहीत!

मग व्यवहारात होते ते असे. अशा भगिनींकडून माल उचलणारा एखादा व्यापारी पुढे येतो. नोंदणी त्याची, संकेतस्थळावरचे दुकान त्याचे, छायाचित्रे त्याची. तो माल घेतो घाऊक भावाने आणि विकतो भेटवस्तूच्या भावाने. ह्यात बेकायदा काही नाही, आणि सगळेच व्यापारी लुबाडणारे असतात असेही आमचे म्हणणे नाही; विक्रीची यातायात तेच करतात. पण गुढीखाली नाव येते ते त्यांचे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि वस्तूचा मूळ देश ग्राहकास दाखविणे बंधनकारक केले, हे चांगलेच झाले. तथापि नियमाला विक्रेता ठाऊक आहे. टाके मारणारी ठाऊक नाही. गावगाड्यात तोरणवाल्याला नाव होते आणि स्वातंत्र्य नव्हते. येथे स्वातंत्र्य आहे, नाव गेले.

नाव गेले की नक्कल सोपी होते. पॉलिएस्टरच्या धाग्याचे, यंत्रमागावर काढलेले कापड ‘खण’ ह्याच नावाने सर्रास विकले जाते, आणि छायाचित्रात दोन्ही सारखेच दिसतात. गुळेदगुड्डच्या खणाची भौगोलिक निर्देशांकाखाली नोंद झालेली आहे. अलीकडे आपल्या कोकणपट्टीतील सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांस व गंजीफांसही तसा निर्देशांक मिळाला. त्या खेळण्यांतील रंगीत लाकडी फळे चैत्रगौरीपुढे मांडलेली आम्ही पाहिली आहेत. १९९९ चा भौगोलिक निर्देशांक कायदा सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. त्याचा उपयोग किती आणि कोणास, ह्याची परीक्षा नुकतीच आमच्याच सीमाभागातील एका वस्तूवर झाली, आणि तीही वसंताच्या नावानेच झाली.

कोल्हापुरी चपलेचा निर्देशांक आठ जिल्ह्यांचा आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रातील चार. बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे कर्नाटकातील चार. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे ती नोंद संयुक्त आहे. ज्या दोन सरकारांचे एका गावावरही एकमत होत नाही, त्यांनी एका चपलेवर सही केली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा ह्या इटालियन कंपनीने पुढील वर्षाच्या वसंत-ग्रीष्मासाठी योजलेल्या पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा प्रतिरूपांच्या पायी हुबेहूब कोल्हापुरी होती आणि कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. ओरड झाली, कंपनीने पत्राने मूळ मान्य केले. आमच्याच व्यवसायातील काही जण मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका घेऊन गेले. जुलैमध्ये न्यायालयाने ती निकालात काढली. निर्देशांकाचा नोंदणीकृत धारक स्वतः दाद मागू शकतो, त्याच्या वतीने तिऱ्हाइताने येण्याचे कारण नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. निर्णय अनेकांस रुचला नाही. आमच्या मते तो कायद्यास धरून होता. ज्याचा हक्क त्याने मागावा, हे तत्त्व ढिले केले तर उद्या कारागिराच्या नावाने कोणीही उभा राहील, आणि कारागीर पुन्हा घरीच. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने त्याच दोन महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड येथील कारागिरांकडून करून घ्यावयाचे, आणि किंमत जोडास सुमारे ८०० युरो, असे तेव्हा जाहीर झाले.

सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने ऑनलाइन बाजारपेठेतून अनेक राज्यांत विकणाऱ्या लहान पुरवठादारांसाठी सुटसुटीत नोंदणीच्या कल्पनेस तत्त्वतः मान्यता दिली आहे. ती प्रत्यक्षात कशी उतरते, ह्यावर नदीपलीकडच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न अवलंबून राहील.

नावाच्या प्रश्नासाठी मात्र कोणत्या परिषदेची वाट पाहावयास नको. निर्देशांकाच्या कायद्यात, फारशी चर्चा न झालेली, सतरा व एकवीस अशी दोन कलमे आहेत. नोंद झालेल्या वस्तूचा कोणताही उत्पादक सतराव्या कलमाखाली ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःचे नाव लावून घेऊ शकतो. आणि तसे नाव लागले की एकविसाव्या कलमाप्रमाणे नकलेविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार धारकाप्रमाणे त्यालाही मिळतो. त्यास महामंडळाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. गुळेदगुड्डचा विणकर, निपाणीकडचा चर्मकार, सावंतवाडीचा चितारी, सर्वांना हे दार उघडे आहे. आमच्या सल्ल्याला आलेल्या भगिनींच्या घडीच्या गुढीला ते नाही, कारण गुढीची नोंद नाही. पण ज्या खणाची ती होते त्याच्या विणकरास आहे. देवालयांच्या समित्या चैत्रोत्सवासाठी शेकड्यांनी खण घेतात. त्यांनी पावतीवर विणकराचा हा नोंदणीक्रमांक मागितला, तर दुकानदारास तो शोधावा लागेल.

अर्जाचे शुल्क पूर्वी ५०० रुपये होते. २०२० च्या नियमदुरुस्तीने ते १० रुपये झाले आहे. चेन्नईच्या कचेरीतील त्या नोंदवहीचे कायद्याने दोन भाग पाडले आहेत. पहिल्या भागात वस्तूचे आणि प्रदेशाचे नाव लिहितात. दुसरा भाग आहे तो ती वस्तू घडविणाऱ्या माणसांच्या नावांसाठी.